खाडीफेरी: नाखव्याला पैकीच्या पैकी, बॅनरला काठावर पास

आधी निकाल सांगते, कारण शिक्षकांना वेळ नसतो. जा. ठाणे खाडीच्या या फेरीला मुलांना घेऊन नक्की जा. फक्त तारीख आयोजकांना ठरवू देऊ नका, आणि कार्यक्रमपत्रिकेत शेवटी ‘वृक्षारोपण’ लिहिलं असेल तर ते व्हायच्या आत पोरांना बसमध्ये बसवा.

मी विक्रोळीतल्या एका मनपा शाळेत सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते. आमची बहुतेक मुलं कन्नमवार नगर आणि टागोर नगरमधली. म्हणजे वस्ती संपली की पलीकडे कांदळवन, खाऱ्या चिखलात वाढणारी झाडी, आणि त्याच्या पलीकडे ठाणे खाडी. इतकं जवळ असून वर्गातल्या जेमतेम चार-पाच जणांनी खाडीचं पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही ऐरोलीला मावशीकडे जाताना पुलावरून. बाकीच्यांच्या लेखी वस्तीपलीकडे ‘जंगल’ आहे, तिथे साप असतात आणि रात्री डंपर येतात. दुसरी माहिती चुकीची म्हणता येणार नाही.

तर यंदा जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही सातवीच्या दोन्ही तुकड्या एका खाडी-ओळख कार्यक्रमाला नेल्या. एक पर्यावरण संस्था, एक कंपनी, पूर्व उपनगरातल्या एका कोळीवाड्याची मच्छीमार सोसायटी आणि तिथल्याच बायकांचा बचत गट, असा हा चौघांचा संसार आहे. नावं लिहीत नाही. तक्रारी आहेत, त्या मी संस्थेला लेखी कळवल्या आहेत, आणि इथे नावानिशी उभं करून त्या मिटणार नाहीत. कार्यक्रम साधारण असा: सकाळी नकाशाचं सत्र, मग वनखात्याच्या परवानगीने दीड तासाची बोटफेरी, मग बांधावरून चालणं, जेवण, आणि शेवटी ते वृक्षारोपण. खासगी शाळांना आणि रविवारी येणाऱ्या कुटुंबांना माणशी ६५० रुपये पडतात. मनपा शाळांचा खर्च कंपनी उचलते, आम्हाला फक्त बसचं बघावं लागलं.

नकाशाचं सत्र म्हटल्यावर मी मनातल्या मनात घड्याळ बघायला लागले होते, कारण असल्या सत्रात एक ताई प्रोजेक्टर लावून वीस मिनिटं वायरशी झगडते हा अनुभव. इथे प्रोजेक्टरच नव्हता. सोसायटीच्या जाळी विणायच्या शेडमध्ये जमिनीवर सतरंजीएवढा कापडी नकाशा अंथरला होता: मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, समोर ऐरोली, खाली वाशीचा पूल. मुलांना टिकल्या दिल्या आणि सांगितलं, आपापलं घर लावा. मग शाळा लावा. मग शाळेमागचा नाला बोटाने धरा आणि तो जाईल तिकडे बोट न्या. पंचेचाळीस बोटं निघाली आणि सगळी एकाच निळ्या पट्ट्यात जाऊन थांबली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर माझ्या तासाला खिडकीबाहेर बघतो, म्हणाला, “बाई, म्हणजे आपण गच्चीवरून टाकलेली पिशवी पण इथेच येते?” कुणी टाकली ते मी विचारलं नाही. या सत्राला मी सढळ हाताने गुण दिले. प्रत्येक शाळेने हे आपल्या आपण करायला हरकत नाही, नकाशाची मोठी प्रत कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे निघते.

आता बोट. इथे गोष्ट दोन भागांत सांगावी लागेल, कारण ‘अ’ तुकडीला जे दिसलं आणि ‘ब’ तुकडीला जे दिसलं ते दोन वेगळे कार्यक्रम वाटावेत.

‘अ’ तुकडीची तारीख संस्थेने दिली. शुक्रवार, सकाळी नऊ. कंपनीचे पाहुणे शुक्रवारीच येऊ शकत होते. आम्ही जॅकेटं घालून बोटीत बसलो आणि समोर भरलेली खाडी. छान, रुंद, चकचकीत पाणी, दोन्ही काठांना तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, गळ्यापर्यंत बुडालेली. पण पक्षी? चार घारी, एक खंड्या, विजेच्या तारेवर पाणकावळे. संस्थेची ताई दुर्बिणी वाटत होती आणि “तिकडे बघा, तिकडे कधी कधी असतात” असं म्हणत होती. मुलं शहाणी होती, त्यांनी सेल्फी काढले. बोट चालवणारे नाखवा एक शब्द बोलले नाहीत. परतताना मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, आज काय झालं? ते म्हणाले, “मॅडम, आज बारस. नवाला भरती. भरल्या पान्यान पाखरा कनची दिसाला? चिखल उघरा नाय तं ती खातील काय?”

बारस, म्हणजे द्वादशी. नवाला भरती. आणि मला कोकणातल्या आजोबांचं गणित आठवलं, जे मी अनेक वर्षांत वापरलं नव्हतं: तिथीची पाऊणपट. बारा गुणिले पाऊण, नऊ.

हे गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा थांबते, कारण पूर्ण कार्यक्रमातला सगळ्यात मोलाचा तुकडा हाच आहे आणि तो कार्यपुस्तिकेत कुठेही छापलेला नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरतीही रोज साधारण ५० मिनिटं मागे सरकते. कोळी आणि कोकणातली जुनी माणसं त्याचा हिशेब तिथीवरून करतात: शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, कोळ्यांच्या भाषेत सुकती. अंदाजाचं गणित आहे, आणि खाडीच्या आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो हे धरायचं. पण दिनदर्शिका भिंतीवर असली की मोबाइलला रेंज नसतानाही चालतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर मी हे मांडलं. अपूर्णांकांचा गुणाकार सातवीला शिकवून माझा घसा बसतो, पण त्या दिवशी ‘ब’ तुकडीने मला महिनाभराच्या भरत्या काढून दिल्या. मग प्रश्न आला की आपण कधी जायचं? एकीने हात वर केला: पूर्ण ओहोटीला. तर्क बरोबर होता, चिखल तेव्हाच सगळ्यात जास्त उघडा. मी नाखव्यांना फोन लावला, स्पीकरवर. ते हसले. पूर्ण सुकतीला बोटच चिखलात बसते, म्हणाले. भरतीनंतर दोन-अडीच तासांनी निघायचं, पाणी उतरायला लागलेलं असतं, पाखरं किनाऱ्याच्या चिखलावर उतरलेली असतात आणि बोटीखाली अजून पाणी असतं. नवमी धरा, म्हणाले. सकाळी पावणेसातला भरती, नऊला बोट सोडू. आणि नवमीला भांगाचं पाणी असतं, पुनव-अवसेच्या उधाणासारखं धावत नाही, सावकाश उतरतं. घाई होत नाही.

संस्थेला तारीख बदलून मागितली. आधी “पाहुण्यांचं जमेल का बघतो” असं उत्तर आलं. पाहुण्यांचं जमलं नाही. आम्ही नवमीला गेलो.

बोट वळणावरून बाहेर आली तेव्हा चिखलाच्या कडेने एक फिकट गुलाबी पट्टी दिसत होती. मुलांना वाटलं कचऱ्याच्या पिशव्या अडकल्यात, आणि मुंबईच्या मुलांना असं वाटणं साहजिक आहे. जवळ गेल्यावर पट्टीला पाय फुटले. शेकडो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, माना खाली. नाखव्यांनी इंजिन बंद करून बोट बांबूने ढकलली, त्यामुळे आम्ही बरेच जवळ गेलो आणि एकही उडाला नाही. लहान रोहित (ही वेगळी जात, पिल्लू नव्हे) चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीतल्या गाळणीत सूक्ष्म शेवाळ अडकवतो. मोठा रोहित उंच, पांढरट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहानाची चोच गडद. मधली राखाडी दिसणारी ती पिल्लं, गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि चढायला काही वर्षं जातात. हे सगळं संस्थेच्या ताईने नीट सांगितलं, तिचा अभ्यास चांगला आहे. त्यांच्यामध्ये शेकाटे, तुताऱ्या आणि चित्रबलाक हे पक्षीही होते, पण मुलांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. वयाचा दोष.

मग प्रश्न आला, जो येणारच होता. कांजूरच्या कचराभूमीवरून वारा आमच्याकडे वळला, सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले, आणि तीच हात वर करणारी पोरगी म्हणाली, “एवढ्या घाणीत हे पक्षी येतातच कसे?”

ताई अडखळली. “निसर्गाची कमाल” असं काहीतरी बोलली. मला राग आला, कारण याचं उत्तर आहे आणि ते मुलांना पेलतं. नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, त्यावर शेवाळ पोसतं, आणि लहान रोहित शेवाळ खातो. नव्वदच्या दशकात शिवडीच्या चिखलावर ते मोठ्या संख्येने दिसायला लागले आणि पुढे खाडीभर पसरले, त्यामागे हेही एक कारण असावं असं अभ्यासक मानतात. मी ते सांगितलं. तेव्हा नाखवा सुकाणूवरून म्हणाले, “पाखरा आली, आन् जिताडा गेला.” मग त्यांनी बोटांवर मोजत यादी सांगितली: त्यांच्या बापाच्या वेळी इथे जिताडा, शिंगाळा, मोठी कोळंबी, बोईट भरपूर, आता बोईट थोडा, निवट्या, चिंबोऱ्या, त्याही रॉकेलचा वास मारणाऱ्या. मासे गेले ते कुणाच्या बातमीत आलं नाही, म्हणाले, पाखरं आली तेव्हा टीव्हीवाले आले. एकाच पाण्याने एकाचं पोट भरलं आणि दुसऱ्याचं रिकामं केलं. पर्यावरणाच्या धड्यात हे असं कधी येत नाही, तिथे प्रदूषण झालं की सगळेच मरतात.

या पाच मिनिटांसाठी मी पदरचे पैसे देऊन पुन्हा जाईन. आणि नेमका हा माणूस कार्यक्रमपत्रिकेत ‘बोट व्यवस्था’ या शीर्षकाखाली आहे.

पुढची शंका एका मुलाची: मग त्या शुक्रवारी ‘अ’ तुकडी आली तेव्हा हे सगळे कुठे होते? हा प्रश्न मात्र ताईने सुंदर हाताळला. भरतीला चिखल बुडाला की पक्षी आडोशाच्या उथळ तळ्यांवर जाऊन उभे राहतात, आणि पाणी उतरलं की परत. भांडुपच्या उदंचन (पंपिंग) केंद्राजवळची पाणथळ, पलीकडे नेरूळला एनआरआय वसाहत आणि टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची तळी, उरणकडे पाणजे, भेंडखळ, बेलपाडा. यातली बरीचशी तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, म्हणूनच बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) त्यांना अभयारण्याशी जोडलेल्या पाणथळ जागा मानून त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा केला. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेला पाण्याचा भाग. मालवणनंतर राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडीला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली तिसरी. हे ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र नकाशावरच्या त्या बाहेरच्या तळ्यांची काळजी वाटली. जेवायची जागा राखली आणि बसायची बुजवली तर पाहुणा येईल कशाला. भरतीच्या वेळी पक्ष्यांना भलतीकडे उडावं लागणं आणि मे २०२४ मध्ये घाटकोपरवर उतरत्या विमानाला धडकून तीसहून जास्त रोहित मरणं, या दोहोंचा संबंध काहींनी जोडला होता. तो सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही, पण भरतीच्या वेळी पक्ष्याला जागा हवी हे समजायला त्याची गरजही नाही.

बोटीवरून उतरून बांधावरचं चालणं. इथे खरी दुरुस्ती बघायला मिळाली, आणि तिचं श्रेय कुणाला द्यायचं यावरून माझं या मंडळींशी पटत नाही. बांधाच्या आत एक-दोन एकरांचा तुकडा आहे. काही वर्षांपूर्वी तिथे रात्रीत राडारोडा टाकून खाडीचं पाणी आत येण्याचा चर बुजवला होता. पाणी तुटलं आणि तिवरं उभ्या उभ्या वाळली. कुऱ्हाड लावायची गरज पडली नाही, म्हणजे तोडीचा गुन्हा दाखल करायलाही कुणी सापडलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच कांदळवन तोडायला मनाई केली आणि २०१८ मध्ये तर कांदळवनाचा नाश म्हणजे घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं ठरवलं. तरी चर बुजवायला एक डंपर आणि एक रात्र पुरते.

सोसायटीच्या म्हाताऱ्यांना जुना चर कुठून जायचा ते ठाऊक होतं, कारण लहानपणी ते त्याच्यातून होडकी आत न्यायचे. संस्थेने कागद हलवले, परवानग्या आणल्या, कंपनीने राडारोडा उचलायचं यंत्र दिलं, आणि चर कुठे, किती खोल, किती वाकडा खणायचा हे कोळ्यांनी दाखवलं. वाकडा हे महत्त्वाचं. आधी आलेल्या कंत्राटदाराला सरळ खणायचा होता. सरळ चरातून पाणी जोरात येतं आणि काठ कापत जातं. पाणी परत आल्यावर पुढच्या पावसाळ्यात तिवरांच्या बिया भरतीबरोबर वाहत आल्या आणि आपणहून रुजल्या. आता तिथे मुलांच्या कमरेएवढं तिवराचं रान आहे, मधेमधे मारांडीची काटेरी झुडपं. एकही रोप कुणी लावलेलं नाही. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं मुलांनी मोजायला घेतली आणि सोडून दिली. तिवराचं पान चाटलं की खारट लागतं, पानावर मिठाचे कण दिसतात. पंचेचाळीसपैकी चव्वेचाळीस जणांनी चाटलं, एकाने आईला विचारावं लागेल असं सांगितलं.

चौघांच्या भागीदारीला अर्थ आहे तो या तुकड्यावर. जुनी माहिती असणारा, कागद जाणणारा आणि पैसा असणारा एकत्र आले तरच असं काही होतं. एकटी सोसायटी परवानगीच्या दारात म्हातारी झाली असती, आणि एकट्या संस्थेने सरळ चर खणला असता.

आणि याच तुकड्यापासून शंभर पावलांवर मुलांच्या हातात रोपं दिली.

काळ्या पिशवीतली कांदळाची रोपं, कंपनीच्या टोप्या, पाठीमागे बॅनर. जागा कुठली? बांधाबाहेरचा उघडा चिखल. ज्या चिखलावर तासाभरापूर्वी आम्ही तुताऱ्या चरताना बघितल्या तोच. मी ताईला बाजूला घेऊन विचारलं की इथे झाडं कशाला? हे तर पक्ष्यांचं ताट आहे. आणि खाडीत गाळ साचून कांदळवन तसंही चिखलावर सरकतंय, त्याला आपण अजून का ढकलायचं? तिला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिने सांगितलं की कंपनीला दरवर्षी लावलेल्या रोपांचा आकडा दाखवावा लागतो. खणलेल्या चराचा आकडा अहवालात बसत नाही, आपोआप उगवलेल्या झाडांचा तर नाहीच. ‘अ’ तुकडीने महिन्यापूर्वी लावलेली रोपं शेजारीच होती. बरीच आडवी झालेली, काहींच्या पिशव्याही निघालेल्या नव्हत्या, म्हणजे माझ्याच मुलांनी पिशवीसकट लावली होती आणि कुणी तपासलं नव्हतं. मी ‘ब’ तुकडीला रोपं लावू दिली नाहीत. “तुमची मुलं नाराज होतील,” असं मला सांगण्यात आलं. मुलं दमली होती, ती बसकडे पळाली.

जेवण बचत गटाचं, आणि त्यावर फार लिहिण्यासारखं नाही कारण ते फक्त चांगलंच होतं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं सुकं, शाकाहारी मुलांना वाल-वांगं. माशांना हात न लावणारी दोन मुलं होती, त्यांचं ताट आधी वाढलं, न सांगता. जीवरक्षक जॅकेटं मुलांच्या मापाची होती, याचे वेगळे गुण. धक्क्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह एकच आणि कडी मोडकी. तिसऱ्या मुलीनंतर मी दारात उभी राहिले. चिखलात चप्पल रुतते, बूट घालून आणा, आणि टोपी हवीच, दहा वाजल्यापासून पाण्यावरचं ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं.

कार्यपुस्तिका: शब्दकोडं, रंगवायला फ्लेमिंगो, ‘मी खाडीचा मित्र’ शपथ. सातवीच्या मुलांना रंगवायला देऊ नये, अपमान वाटतो. त्याऐवजी भरतीचं पाऊणपटीचं कोष्टक छापा, रिकामं, मुलांना भरू द्या. आणि मागच्या पानावर नाल्याचा नकाशा. बस.

पैशाचंही विचारलं, कारण माझं एक साधं मोजमाप आहे: गावाच्या नावावर कार्यक्रम असेल तर गावाला किती मिळतं? सोसायटीला बोटीचं भाडं फेरीमागे ठरलेलं मिळतं, वेळेवर मिळतं. बचत गटाला ताटामागे. पण नाखव्यांना बोलण्याचे पैसे नाहीत, कारण बोलणं त्यांच्या कामात धरलेलंच नाही. बोलायला ताई आहे. बॅनरवर कंपनीचं चिन्ह, संस्थेचं चिन्ह, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘स्थानिक भागीदारीतून पाणथळींचं पुनरुज्जीवन’. सोसायटीचं नाव नाही. बचत गटाचं नाव ताटांवरच्या कागदी रुमालावर होतं, ते त्यांनी स्वतः छापून घेतलं होतं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, आणि झाडांची माहितीही त्याच देतात. तिथे वल्हं आणि तोंड एकाच माणसाकडे आहे. मुंबईत हे जमू नये असं काय आहे?

ज्यांना शाळेच्या गटाशिवाय जायचंय, त्यांनी ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र बघावं. राज्याच्या वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं आहे, २०१७ मध्ये सुरू झालं, मुलुंडहून पूल ओलांडला की आलंच. तिथून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात, वेळा भरतीप्रमाणे बदलतात, म्हणून आधी नोंदणी करूनच निघा. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. विक्रोळीला गोदरेजचं कांदळवनही आहे, शाळांना तिथे पूर्वपरवानगीने जाता येतं. लहान मुलांना बोटीत न्यायला भीती वाटत असेल तर तिथून सुरुवात करणं बरं.

माझ्या पत्राला संस्थेचं उत्तर परवा आलं. तारखा आता तिथी बघून ठरवणार, आणि दर फेरीत अर्धा तास नाखव्यांचा, मानधनासह. कार्यपुस्तिकेबद्दल ‘विचार करू’. स्वच्छतागृहाची कडी बसवली. वृक्षारोपणाबद्दल पत्रात एक शब्द नाही, तेव्हा त्या बाबतीत माझा वरचा सल्ला कायम. नोंदणी दिवाळीनंतर उघडते आणि जानेवारीतल्या नवम्या-दशम्या लवकर भरतील, कारण आमच्या शाळेच्या आठवीने आणि शेजारच्या दोन शाळांनी आत्ताच सांगून ठेवलंय.